खिडकीसमोरची उभी रांग पुन्हा सुरू करण्याबाबत

प्रति,
मा. प्रमुख अधिकारी,
धूम्रपान मुक्ती कक्ष,
शासकीय रुग्णालय, तळमजला.

विषय : टोकन यंत्रामुळे बंद झालेली उभी रांग पूर्ववत करण्याबाबत.
संदर्भ : माझ्या तोंडी तक्रारीवर आपले उत्तर, ‘सदर व्यक्तीची नोंद आढळत नाही.’

महोदय,

खुर्ची जरा पुढे ओढून ऐकावे, ही विनंती. देवाच्या दयेने आपल्या खिडकीसमोर एक नवल घडले आणि त्याची आपल्याच दप्तरी नोंद नाही. पूर्वरंगात वेळ न घालवता आख्यानच सांगते.

१. माझे यजमान घड्याळे दुरुस्त करतात. सव्वीस वर्षे रोज दोन पाकिटे सिगारेट. लवंग झाली, गोळ्या झाल्या, माझ्या गळ्याची शपथही झाली. छातीचा फोटो उजेडाला धरून डॉक्टर म्हणाले, आता एकही झेपायची नाही. तेव्हा ते आपल्या कक्षात आले.

२. पहिल्या दिवशी नऊपासून रांगेत होते. तलफ आली, पण बाहेर जावे तर नंबर जातो. मागे एक निवृत्त मास्तर होते. जरा नंबर धरता का, असे यजमानांनी विचारले. मास्तर म्हणाले, “धरणार नाही. मीही त्याच दुखण्याचा आहे. तुम्ही ओढायला गेलात की मीही जाईन.” एकला खिडकी बंद झाली. सव्वीस वर्षांत जागेपणीचे चार तास प्रथमच कोरडे गेले, हे यजमानांच्या ध्यानात आले.

३. दुसऱ्या दिवसापासून नंबर लागला की मागच्याला पुढे सोडून ते स्वतः शेवटी जाऊ लागले. दुपारी वीजबिलाची नाहीतर जन्मदाखल्याची रांग. दाखला कुणाचाच नको होता. घड्याळे संध्याकाळी. असे सात महिने. जिना चढताना आता ते माझ्यासाठी थांबतात. नोंद नाही हे खरेच. खिडकीपर्यंत ते कधी पोचलेच नाहीत.

४. या एक तारखेपासून आपण टोकन यंत्र बसवले, खुर्च्या मांडल्या. हेतू चांगलाच. शिपाईभाऊ प्रेमाने सांगतात, काका, वेळ आहे, बाहेर एक चक्कर मारून या. बाहेर टपरी आहे. यजमान टोकन मुठीत धरून तिथे दोनदा उभे राहिले. घरी मी सदरा हुंगला. धूर होता, पण लोकांचा. जेवताना म्हणाले, “रांगेत माझ्या मागं माणूस असतो गं. टोकनाच्या मागं कोण असतं?”

५. नोंदणी मागितली असता टेबलावरच्या बाईंनी सांगितले की त्यासाठी धूम्रपान चालू असावे लागते, तरी सुरू करून या. सल्ला नियमाला धरून असेल. तो अमलात आणण्याचे धैर्य आमच्यात नाही. घरी मीच त्यांच्या मागे उभी राहून पाहिले. दहा मिनिटांनी म्हणाले, “तू काय, माझा नंबर धरशीलच.”

६. सबब एका खिडकीसमोर नऊ ते एक उभी रांग असू द्यावी. खिडकी बंद असली तरी चालेल. कामकाज अपेक्षित नाही.

निर्णय होईपर्यंत एवढेच. उद्या सकाळी व्हरांड्यातून येताना जुन्या खिडकीसमोर एक गृहस्थ एकटे उभे दिसतील. पुढे कोणी नाही, मागे कोणी नाही. त्यांना कुणी ‘बसा’ म्हणू नये. आपण स्वतः घटकाभर त्यांच्या मागे उभे राहिलात तर देव आपले भले करील. मागे माणूस आहे, एवढे त्यांना कळू द्यावे.

आपली नम्र,
(सही)
घड्याळवाल्यांची पत्नी
दिनांक : ९