पाथरीच्या गाडीचं इंजिन

अण्णा,

मी पुन्हा एक इंजिन कापलं आहे. पाथरीला रेल्वे जात नाही, म्हणून मागच्या खोलीत फळ्या ठोकून मी मानवतपासून पाथरीपर्यंत माझी स्वतःची छोटी लाइन टाकली आहे, आणि तिच्यावर बाजारात मिळतं तसलं डिझेल इंजिन मला नको होतं. दोन मॉडेलं घेतली. एकाचं लांब नाक ठेवलं, दुसऱ्याची केबिन बारीक करवतीनं उतरवून त्याला जोडली, सांध्यात लांबी, म्हणजे पुट्टी, भरली, कानशीनं घासली आणि वरून विटकरी रंग मारला. जोड कुठं आहे ते आता बोटालाही लागत नाही.

परवा दादा लेकीला घेऊन आला होता. ते इंजिन हातात घेऊन तो तिला म्हणाला, "आपल्या घरात हे कसब पहिल्यापासूनच हाय. मी शाळेत असताना असंच एक केलतं." खोटं बोलणारा माणूस दिसतो तसा तो दिसत नव्हता. त्याला ते खरंच वाटतं.

तुम्ही इंजिनांच्या शेडमध्ये फिटर होता आणि तुमचे साहेब एकदा आपल्याकडे चहाला आले होते. फडताळात माझं इंजिन होतं, दादानं मोडून टाकलेल्या दोन खेळण्यांचं मिळून केलेलं. ते मी तुमच्याच करवतीच्या पात्यानं कापून संपवत होते तेव्हा, हात कापंल म्हणून, पातं तुम्हीच माझ्याकडून काढून घेतलं होतं. साहेब विचारतात, "हे कुणी केलं?" मी कपबशा घेऊन समोर उभी आहे. तुम्ही माझ्याकडे बघता आणि म्हणता, "पोरानं." साहेब खूश होतात, आणि दादाला शेडमध्ये शिकाऊ म्हणून घेतात. ते गेल्यावर मी चुलीपाशी म्हणाले, "अण्णा, ते तर मी केलतं." तुम्ही भाकरी मोडत म्हणालात, "तुला लगीन करून जायचंय. तुला इंजिन काय कामाचं?" आई तव्याकडंच बघत राहिली. पुढच्या उन्हाळ्यात माझं लग्न झालं.

परवा मी भाचीसमोर दादाला म्हणाले, "ते मी केलतं." "अण्णा तर समद्यांला माझंच नाव सांगायचे," एवढंच तो म्हणाला आणि इंजिन रुळावर ठेवलं. वळणावर ते घसरलं. माझ्याकडूनही ते तिथंच घसरायचं, आणि कारण मला सापडत नव्हतं. दादा फरशीवर आडवा झाला, डोळा रुळाच्या पातळीला आणला. "पुढची चाकं आतून घासायलीत. तेवढ्या कडंला कानस मार." मी मारली. गाडी न अडखळता पाथरीपर्यंत गेली. भाचीनं बापाकडं बघून टाळ्या वाजवल्या.

तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, हा कागद कुठं जाणार नाही, म्हणून एक कबूल करून टाकते. दादा हाताचा पक्का निघाला. त्याच्या जागी मी कशी निघाले असते, ते तुम्हाला कधी बघावंसं वाटलं नाही, आणि आता ते मलाही सांगता येत नाही.