चिंच मीच चारली

नवनाथ, बायकोला एकटीला एसटीत बसवून दिलंस, तवा ती नीट उभी तरी ऱ्हात होती का? असो, जय भीम.

यशोधरा आली ती सारखी ढेकर देत, मळमळतंय म्हणत. मला वाटलं, दिवस गेले. आठ दिवस मीच तिला चिंच चारली. काळं ओकली, तवा दवाखान्यात नेली. डॉक्टरीण म्हणाली, "उपाशीपोटी कंबरदुखीच्या गोळ्या खाऊन पोटात जखम झालीय."

ऊस तोडायला उठावी म्हणून रोज पहाटं गोळी तूच हातावर ठेवायचास, हे तिनं आता सांगितलं. वर म्हणते, "आजी, पत्र धाडू नका, ते चिडतील."

मुकादम तिला रोज फोन करून विचारतो, जोडीतला अर्धा कोयता उसाच्या फडावर कवा येणार? ती येणार न्हाई. त्याला उत्तर तू द्यायचं, तिनं न्हाई.

तुझी आजी
भिमाबाई, उमापूर