भिंतीकडे तोंड करून

सर, तुम्ही लवकर मेले हे काही बरं केलं नाही. जिवंत असते तर तुमच्या त्या पियानोच्या खोलीत येऊन तोंडावर बोललो असतो. आता कागदावर भांडावं लागतंय, आणि तुम्ही उत्तर देणार नाही, म्हणजे पुन्हा तुमचंच खरं.

अख्ख्या नांदुऱ्यात पियानो एकट्या तुमच्याकडे होता. रेल्वेतून रिटायर झाल्यावर लोक प्लॉट घेतात, तुम्ही कुठून तरी तो काळा जुना डबा आणला. मालगाडी गेली की त्याच्या तारा आपोआप गुणगुणायच्या. शिकवायची तुमची तऱ्हाही तसलीच. बोटं चुकली तर काही बोलायचे नाही. म्हणायचे, "मनातलं एक वाक्य ठरव. कोणाले सांगायचं तेही ठरव. अन् आता तोंड बंद, वाजव." मग दुसऱ्या कोणाला तरी भिंतीकडे तोंड करून बसवायचं, आणि शेवटी त्याला विचारायचं, काय ऐकलं? बापासमोर तोंड न उघडणारी पोरं तुमच्याकडे मोकळी झाली, असं लोक अजून सांगतात. माझ्याबद्दल कोणी सांगत नाही.

त्या दिवशी माझी पाळी होती आणि भिंतीकडे तोंड करून ती बसली होती. माझ्या मनात ती आहे, हे तुम्हाला माहीत होतं, सर. सगळ्या क्लासला माहीत होतं. घरी टेबलावर बोटं आपटून बसवलेली धून मी वाजवतो आहे, डावा हात खाली धडधडतो आहे, तिची वेणी जरासुद्धा हलत नाही. वाक्य साधं होतं, तू मले आवडते. वाजवून झालं, तुम्ही विचारलं. ती वळलीच नाही. म्हणाली, "कोणीतरी दार ठोकून राह्यलं, सर. मले उघडायचा भेव वाटते."

पोरं खिदळली. मी ओरडलो, "तिले काही समजत नाही, सर!" तुम्ही चष्मा पुसत म्हणाले, "वाजवणाऱ्याचं नाही बाबू, ऐकणाऱ्याचं खरं. चला, पुढचा कोण?" पुढचा कोण! त्यानंतर तुमच्या दारात मी पाय ठेवला नाही, आणि पुढच्या उन्हाळ्यात तुम्ही मरून मोकळे झाले. मी तिच्यामागे बुलढाण्याच्या कॉलेजात गेलो. तिथं तिनं एकदा स्वच्छ शब्दांत नाही म्हटलं, तेव्हा कॉलेज अर्ध्यात सोडलं. आता लग्नांमधून कीबोर्ड वाजवतो.

येत्या रविवारी तिचं लग्न आहे, आणि वाजवायची ऑर्डर आमच्याच बँड पार्टीला मिळाली. हार घालायच्या वेळी तीच धून फुल आवाजात वाजवायची, असं मी ठरवून टाकलं. सासरच्यांसमोर तिचा चेहरा उतरलेला मला बघायचा होता. आणि तुमचं ते 'ऐकणाऱ्याचं खरं' मातीत घालायचं होतं. म्हणून आज सरावाला मुद्दाम तुमच्याच घरी गेलो. तुमच्याच पियानोवर तुमचा सूड.

"काऊन रे बाबू, इतक्या वर्षांनी? पार वाळला की!" काकू म्हणाल्या. वाजवू का विचारलं, तर म्हणतात, "वाजव ना बापा, त्यातले उंदरं तरी पळतीन." आणि माझ्याकडे पाठ करून तुरीच्या शेंगा सोलायला बसल्या. मी झाकण उघडलं. तिच्यावरचा राग, तुमच्यावरचा राग, सगळा काढला. खालच्या पट्ट्या अशा हाणल्या की वर ठेवलेला तुमचा फोटो थरथरला. अर्ध्यातच काकू पदराला हात पुसत उठल्या. "थांब बे जरासा, दारावर कोणी हाय." त्यांनी कडी काढली, रस्त्यावर दोन्हीकडं पाहिलं. "कोणीच नाही. मले वाटलं, कोण एवढा दार तोडून राह्यला."

मी हात काढून घेतले. म्हटलं, "वारा असन, काकू." बाहेर कडुनिंबाचं पान हलत नव्हतं.

माफ केलेलं नाही, सर. क्लास सुटल्यावर मला बाजूला घेऊन सांगता आलं असतं, की पोरा, हात हलका ठेव. चारचौघांत 'पुढचा कोण' म्हणायची गरज नव्हती. ते मी विसरणार नाही. रविवारी जाईन, ठरलेली गाणी वाजवीन, ती धून नाही. हे पत्र टाकायला तुमचा पत्ता नाही, असता तरी टाकलं नसतं. फक्त एक सांगतो. काकू दार उघडायला गेल्या तेव्हा, कोण आलं ते बघायला मीही मान वळवली होती.