माझ्या अर्ध्या घराची व्यवस्था

मी, खाली सही करणारी, वय एक्कावन्न, धंदा दातांच्या कवळ्या बनवण्याचा, कोणाच्याही दडपणाशिवाय हे लिहून ठेवत आहे. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत आहे. परवा माझं पोटाचं ऑपरेशन आहे. घटस्फोटाचा दावा सहा वर्षं चालू आहे आणि पुढची तारीख ऑपरेशननंतरची. वकील म्हणाले, "निकालाआधी तुमचं काही बरंवाईट झालं, तर कायद्याने ते अजून तुमचे नवरेच आहेत. वारस ठरतील." म्हणून ही घाई.

१. बँकेतली शिल्लक मुलीला द्यावी. कमी वाटल्यास तिने दोन्ही वकिलांना विचारावं.

२. कामाची मोटर, साचे आणि पॉलिशचं यंत्र माझ्यासोबत बारा वर्षं काम करणाऱ्या जोडीदारणीला. प्रतिवादी, म्हणजे माझे पती, यांनी या सामानाला हातही लावू नये. घराच्या अर्जात त्यांनी लिहिलं की माझं काम हा फावल्या वेळचा छंद, तेव्हा घरात माझा पैसा नाही. पोटगीच्या अर्जात लिहिलं की माझा धंदा जोरात चालतो, तेव्हा मला पोटगीची गरज नाही. दोन्ही अर्ज एकाच दिवशी टाइप झालेले आहेत. मीही काही धुतल्या तांदळासारखी नाही; मी माझं उत्पन्न निम्मंच दाखवलं.

३. सासूबाईंची कवळी मीच फुकट करून दिली होती. ती घालून त्यांनी कोर्टात माझ्याविरुद्ध साक्ष दिली. एकेक शब्द स्पष्ट आला. कवळी त्यांच्याकडेच राहावी, आणि सैल झाल्यास जोडीदारणीने पैसे न घेता नीट बसवून द्यावी.

४. फ्लॅट दोघांच्या नावावर आहे. हप्ते कोणी किती भरले, यातच सहा वर्षं गेली. "घर सोडू नका, सोडलंत तर हक्क गेला समजा," असं माझ्या वकिलांनी मला बजावलं. प्रतिवादींच्या वकिलांनी त्यांनाही तेच. तेव्हापासून हॉल त्यांचा, आतली खोली माझी. स्वयंपाकघर सकाळी आठपर्यंत त्यांचं, मग माझं. पॅसेजमधला दिवा जाऊन दोन वर्षं झाली. जो बदलेल त्याच्या अंगावर खर्च पडेल, म्हणून आम्ही दोघंही भिंत चाचपडत जातो. दुसऱ्या शहरात मला चांगली नोकरी मिळत होती, गेले नाही. मुलीच्या बाळंतपणाहून चार दिवसांत परतले, कारण मागे कुलूप बदललं तर काय, हीच धाकधूक.

यातला माझा अर्धा भाग मुलीला, असं मी आधी लिहिलं होतं. रविवारी तिला फोनवर वाचून दाखवलं.

"आई, मला नको गं ते," ती म्हणाली. "अर्धं घर देशील आणि अख्खी केस माझ्या गळ्यात मारशील. मी काय बाबांसमोर त्या घरात ठाण मांडून बसू?"

मला राग आला. मी फोन ठेवला आणि मग खूप रडले. तिचं खरं आहे.

म्हणून आधीचा मजकूर रद्द. माझा अर्धा भाग प्रतिवादींना द्यावा. प्रेमापोटी दिला असा समज त्यांनी करून घेऊ नये. मुलगी सुटावी म्हणून देते.

५. हा बदल तिला कळवला, तेव्हा संध्याकाळी तिने पुन्हा फोन केला. "त्यांनाच द्यायचं तर मेल्यावर कशाला? आजच सही कर आणि माझ्याकडे ये ना." तिचं उत्तर इथे देते. जिवंतपणी त्यांच्यापुढे हार मानायला माझं मन धजत नाही. ऑपरेशन नीट पार पडलं तर या कागदाला काही अर्थ नाही. आठवड्याभरात मी त्याच खोलीत परत येईन. मरणापेक्षा मला त्याचीच जास्त धास्ती वाटते.

लिहून देणारीची सही
साक्षीदार (दोघांनी माझ्यासमोर सह्या केल्या): १. शेजारची शिवणकाम करणारी, २. दाखला देणारे डॉक्टर
ठिकाण: शेजारणीचं घर, कारण आमच्याकडचा हॉल माझा नाही
तारीख: चौदा, मंगळवार