'बघू'चा स्वतंत्र अभ्यास

४ जानेवारी
शेवटचं सेमिस्टर. कम्युनिकेशनच्या विषयांतून 'स्वतंत्र वाचन आणि संशोधन' घेतला. लेक्चर नाही, हजेरी नाही, परीक्षा नाही. अधूनमधून मार्गदर्शक मॅडमना भेटायचं, काय वाचलं ते सांगायचं आणि शेवटी प्रबंध द्यायचा. बाकीचे बिचारे वर्गात जांभया देणार. बेसिकली मी सुटलो.

विषय माझा मलाच सुचला. 'बघू' हा शब्द. आपल्यात तोंडावर 'नाही' कोणीच म्हणत नाही, 'बघू' म्हणतात, हा माझा सिद्धांत. मॅडम म्हणाल्या, विषय चांगला आहे, पण त्यासाठी माणसं ऐकावी लागतील, निदान पन्नास संवाद हवेत. मी म्हटलं, शंभर आणतो.

बाबांनी फक्त एवढंच सांगितलं की यंदा डिग्री हातात पडली नाही, तर मामाच्या दुकानात एक खुर्ची रिकामी आहे. मामाचं नळ, शॉवर आणि कमोडचं दुकान आहे. मी हसलो.

११ जानेवारी
वेळापत्रक केलं. सकाळी वाचन हिरव्या रंगात, दुपारी संवाद लाल, संध्याकाळी लेखन निळं. रंगवण्यात दिवस गेला, पण पाया पक्का हवा.

१९ जानेवारी
घरात गैरसमज पसरलाय. लेक्चर नाही म्हणजे मी रिकामटेकडा. आई ऑफिसला निघताना म्हणाली, तू घरीच आहेस ना, मग वॉशिंग मशीनवाला येईल, थांब. वहिनीचं पार्सल यायचंय, थांब. आत्याची कवळी तयार झालीय, घेऊन ये. स्वतंत्र अभ्यास म्हणजे काय हे समजावून सांगितलं. आई म्हणाली, हो रे बाळा, पण दार कोण उघडणार?

२२ जानेवारी
मशीनवाला अजून नाही. कधी येताय विचारलं की फोनवर नुसता बघू, बघू करतो. त्याच्या नादात एकही संवाद नोंदवता आला नाही.

२ फेब्रुवारी
मॅडमची भेट चुकली. आत्याला कवळी टोचते म्हणून पुन्हा डॉक्टर. मॅडमना मेल टाकला की पन्नास संवाद झाले, आणखी चालू आहेत. खरे तीन झालेत. पण हे खोटं नाही, आगाऊ सांगितलं इतकंच. सोमवारपासून जोरात.

१५ फेब्रुवारी, दुपार
मॅडम खूश. इतक्या खूश की १२ मार्चला अख्ख्या विभागासमोर मी प्रबंध वाचायचं ठरलंय.

मित्रांना सांगितलंय घरची कामं आहेत, घरी सांगितलंय प्रबंध लिहितोय, मॅडमना सांगितलंय लोकांत फिरतोय. त्यामुळे कुठेच जायची सोय उरली नाही. खिडकीतून शेजारच्या इमारतीची भिंत दिसते, तिच्यावर तीन पाइप. आज मला वर्गात बसावंसं वाटलं. मागच्या बाकावर, कोणीतरी फळ्यावर लिहीत असताना. हे कोणाला सांगण्यासारखं नाही.

१ मार्च
मार्ग सापडला. माणसं कशी बोलतात हे मला माहीतच आहे, मग विचारायला कशाला जायचं? उरलेले संवाद घरी बसूनच लिहिले. पोस्टमन, सासू, सून, भाजीवाला, सत्तरीच्या आजी. एकेक माणूस जिवंत उतरलाय. भाजीवाला वाचताना तर मलाच गहिवरून आलं. मशीनवाला अजून आला नाही.

१२ मार्च
वाचन झालं. सुरुवात दणक्यात. मग मॅडमनी विचारलं, या सत्तरीच्या आजी 'बेसिकली' म्हणाल्या? मी म्हटलं, हो, त्यांच्या बोलण्यात येतं. भाजीवालाही? हो. पोस्टमन? सासू आणि सून दोघीही? मी म्हटलं, बेसिकली हा शब्द आता सगळीकडे पसरलाय.

सगळे हसले. मॅडम हसल्या नाहीत. विनोद त्यांना उशिरा कळत असावा.

१३ मार्च
मॅडमच्या केबिनमध्ये. खरे किती, असं विचारलं. तीन म्हणालो. त्यातले दोन आईशी झाले होते, ते सांगितलं नाही. एक महिना मुदत मागितली. त्या 'बघू' म्हणतील, निदान सिद्धांत तरी खरा ठरेल, एवढी आशा होती.

मॅडम म्हणाल्या, नाही. शांतपणे, माझ्याकडे बघून. हा विषय आता पुढच्या वर्षी पुन्हा घ्यावा लागेल. म्हणजे डिग्रीही पुढच्या वर्षी. जिना उतरताना रडू आलं. लिहून टाकतो, नाही तरी कोण वाचतंय.

१४ मार्च
बाबांना सांगितलं. ओरडले असते तर बरं झालं असतं. पेपराची घडी घातली, चष्मा पुसला. मी म्हटलं, आणखी एकच वर्ष द्या, या वेळी खरोखर लोकांत जाऊन ऐकतो, मामाकडे पाठवू नका.

बाबा म्हणाले, बघू.

नाही म्हणाले नाहीत. विचार करताहेत, हे चेहऱ्यावरून स्पष्ट दिसत होतं. आई म्हणाली, मामा उद्या नऊला दुकान उघडतो, इस्त्रीचा शर्ट घालून जा. ती तात्पुरती सोय असणार, बाबांचं बघून होईपर्यंत. 'बघू'चा अर्थ माणसागणिक बदलतो, हा मुद्दा प्रबंधात राहूनच गेला.