व्हेरिएबलवरचा डेकोरेटर आणि माझं ‘नाही’

सर, तुम्ही गेल्याला इतकी वर्षं झाली, आणि मी तुमच्याशी आज बोलते आहे. दुसऱ्या कुणाला हे सांगायची लाज वाटते. आम्ही काही जण मिळून एक प्रोग्रामिंगची भाषा सांभाळतो. तिच्यात नवं काय घ्यायचं ते ऑनलाइन मीटिंगमध्ये चर्चेनं ठरतं, आणि इथे अमरावतीत घरी बसून मीही त्यात असते. फंक्शन म्हणजे नाव दिलेला सूचनांचा गट; त्याच्या वरच्या ओळीत @ लावून एक शब्द लिहिला की त्या फंक्शनला जादा काम जोडलं जातं, त्याला डेकोरेटर म्हणतात. अकोल्याच्या एका कॉलेजात शिकवणाऱ्या बाईंनी मागच्या मीटिंगमध्ये सुचवलं, की ही सोय साध्या व्हेरिएबललाही, म्हणजे एखादी किंमत साठवणाऱ्या नावालाही, द्यावी. त्यांचं बोलणं जेमतेम सुरू झालं होतं. मी मध्येच म्हणाले, “ती किंमत एखाद्या फंक्शनमधून काढून घ्या, झालं. प्रस्ताव आणण्याआधी भाषा तरी नीट शिका.” दोघंतिघं हसले. बाईंनी कॅमेरा बंद केला आणि प्रस्ताव मागे घेतला.

त्यांनी लिहून पाठवलेला प्रस्ताव मी नंतर वाचला. मुद्दा वेगळाच होता. कित्येकदा व्हेरिएबलचं नाव दोनदा लिहावं लागतं, एकदा बरोबरच्या चिन्हाच्या डावीकडे आणि एकदा उजवीकडे कंसात. एक बदललं, दुसरं राहिलं की चूक शोधता शोधता जीव जातो. डेकोरेटरला ते नाव आपोआप कळलं असतं. माझ्या टोमण्यात याला उत्तरच नव्हतं. तुम्ही आम्हाला शिकवायचात ती लॅब आठवली. चपला दाराबाहेर, कूलरची घरघर, तुम्ही दोन बोटांनी टाइप करताय. मागचा एक जण अडखळत काही विचारतो आणि मी फिसकन हसते. तुम्ही मान न वळवता म्हणता, “काहून हसून राहिली वं? नाही म्हणाचं असन त आयकून म्हण.”

बाईंना फोन केला. “माझं चुकलं,” म्हणाले. त्या म्हणाल्या, “जाऊ द्या मॅडम. तुमी नाही म्हटलं, त्याचं काई नाही. पण माह्या वर्गातल्या पोरी मागं बसून आयकत होत्या. त्याईले मीच बोलावलं होतं.” सर, व्हेरिएबलला डेकोरेटर नको, हे माझं मत अजून तेच आहे. वाचणाऱ्याचा गोंधळ वाढेल असं वाटतं. पण अपमान सगळ्यांसमोर केला आणि माफी फोनवर, एकटीजवळ मागितली. आज सकाळी पुन्हा मीटिंग होती. शेवटी मीटिंग चालवणाऱ्यानं विचारलं, कुणाला काही बोलायचंय का. मी माइक सुरू केला, आणि काही न बोलता बंद केला.