बाहेरून लावलेली कडी

ताई,

हे फोनवर सांगायला जीभ रेटत नाही, म्हणून लिहितेय. पाठवायचा धीर होईलसं वाटत नाही.

माझ्या तपासण्यांत आईचाच विसरण्याचा आजार निघाला, अगदी सुरुवातीचा. आता दर पंधरा दिवसांनी सलाईनमधून नवं औषध देतात. "गेलेलं परत येणार नाही, पण पुढचं जरा सावकाश जाईल," असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मेंदूचा फोटो दाखवून त्यांनी समजावलं, की नुकतं ऐकलेलं तिथे टिकतच नाही.

ताई, आई "शाळा सुटली का?" असं दिवसभर विचारायची. ती मुद्दाम छळतेय असं वाटून एकदा मीच तिला खोलीत कोंडलं. तुला मात्र सांगितलं, की तिनेच आतून कडी लावून घेतली.

काल सलाईन चालू असताना मी लेकीला विचारलं, "घरी कधी जायचं गं?"

"बाटली संपली की," ती म्हणाली. तिच्या शेजारची बाई हसली, तेव्हा कळलं, मी हे चौथ्यांदा विचारत होते.

"वैतागली नाहीस?"

"त्यात काय वैतागायचं? तू विचार, मी सांगते."

आईला एवढंच तर हवं होतं गं.

तुझी,
छोटी